बोट ठेवून दाखव

"चूक," आत्या म्हणाली आणि परातीतल्या भाकरीवर तिनं जोरात थाप मारली. "मुंग्यांना दिसत नाही, असं त्यात कुठंच नव्हतं."

"होतं."

"बोट ठेवून दाखव."

मी पाटावर बसल्या बसल्या उतारा पुन्हा चाळला. मुंग्या एका रेषेत का चालतात, याचा उतारा होता. पुढची मुंगी वाटेवर वासाचा माग सोडत जाते, मागची तो माग घेत येते, आणि मधेच कुणी बोटानं माग पुसला तर रांग विस्कटते, असं सगळं त्यात होतं. मुंग्या आंधळ्या असतात असं मात्र खरंच कुठं नव्हतं. ते मी माझ्या डोक्यातून घातलं होतं, आणि इतक्या खात्रीनं घातलं होतं की पर्यायाभोवती गोल काढताना पेन्सिलीचं टोक मोडलं होतं.

"अगं, पण वासावर चालतात म्हणजे दिसत नसणारच ना."

"कुत्रं वासावर जातं. त्याला दिसत नाही?"

"तू भाकरीकडं लक्ष दे."

"भाकरीकडं आहे म्हणून तर नीट ऐकू येतं," आत्या म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

तिनं तो उतारा डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. मी एकदा मोठ्यानं वाचला, तेवढाच. याचाच मला जास्त राग आला होता.

तेव्हा मी आठवीत होते. आता अकरावीला आहे, त्याच हायस्कूलच्या वरच्या मजल्यावर, आणि उताऱ्यांच्या बाबतीत आमच्या वर्गात कुणी माझ्या नादाला लागत नाही. तेव्हाचं चित्र वेगळं होतं. शिष्यवृत्तीच्या मुलांना माने सर रोज दोन उतारे द्यायचे, एक गोष्टीचा आणि एक विज्ञानाचा. मी वाचायची म्हणजे अशी धडाधड, की प्रकट वाचनाला सगळ्या वर्गात पहिलं नाव माझं. पण काय वाचलं असं विचारलं की मी माझंच काहीतरी सांगायची. माने सरांनी एकदा माझ्या पेपरावर लाल पेनानं लिहिलं होतं, 'उत्तर छान आहे, पण या उताऱ्याचं नाही.'

सरांचं म्हणणं सोपं होतं. "विज्ञानाच्या उताऱ्यात जेवढं लिहिलंय तेवढंच बघायचं. गोष्टीच्या उताऱ्यात न लिहिलेलंही कळून घ्यायचं, पण लिहिलेल्यातून. तुमच्या घरातून नाही."

घरी अभ्यास करते हे आईला कळावं म्हणून मी स्वयंपाकघरात बसून मोठ्यानं वाचायची, आणि आत्या भाकरी करता करता ऐकायची. सुवर्णाआत्या, म्हणजे माझ्या पप्पांची धाकटी बहीण. ती आदल्या दिवाळीला माहेरी आली ती परत सासरी गेलीच नव्हती. का, ते कुणी मला सांगत नव्हतं आणि तीही बोलत नव्हती. पण विज्ञानाचा उतारा असला की तिला बोलायला यायचं. वटवाघूळ, दवबिंदू, लोखंडाचा गंज, काहीही असो. मी उत्तर दिलं की ती म्हणायची, "बोट ठेवून दाखव," आणि माझं बोट कागदावर भिरभिरत राहायचं.

गोष्टीचे उतारे आले की पारडं फिरायचं. तिथं मी राजा. आत्या प्रत्येक गोष्टीचं उत्तर चुकायची.

एकदा सरांनी अर्धा उतारा वाचून पुढचं ओळखायला सांगितलं होतं. मी आत्याला तोच वाचून दाखवला. एक लहान मुलगी संध्याकाळी अंगणात खेळत असते. लांबून वडिलांच्या मोटरसायकलचा आवाज येतो. ती धावत घरात जाते, कणगीमागं लपते आणि तोंडावर हात दाबून धरते.

"प्रश्न. ती का लपली? पर्याय वाचू?"

"पर्याय कशाला?" आत्या म्हणाली. "आवाजावरून कळतं ना. गाडी सरळ आली तर बरं असतं. वाटेत बंद पडली, परत सुरू केली, परत बंद पडली, की मग लपायचं."

मला इतकं हसू आलं की हातातला कागद खाली पडला. "आत्या, अगं ती गंमत करतेय. पुढं ऐक की." पुढं वडील पिशवी घेऊन आत येत होते, कुठं गेली बरं आमची ठकी म्हणत होते, आणि ठकी कणगीमागून त्यांच्या अंगावर उडी मारत होती.

"असं पण असतं होय," आत्या म्हणाली.

"चूक म्हणजे चूक. शून्य," मी म्हटलं, आणि तिनं मुकाट्यानं पुढची भाकरी घेतली.

मग श्रावण लागला.

आमच्या वाडीत श्रावणभर देवीच्या देवळात संध्याकाळी पोथी लागते. पोथीला दोन माणसं लागतात, एक वाचणारा आणि एक सांगणारा. वाचणारा ओव्या वाचतो, थांबतो. सांगणारा त्यांचा अर्थ सांगतो. मग पुढच्या ओव्या. वाचणारानं सांगायचं नाही आणि सांगणारानं वाचायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे अध्याय अर्ध्यात सोडायचा नाही. तो सुरू झाला की संपेपर्यंत कुणी उठायचं नाही, मग काही होवो. एकदा वाचणाऱ्या विष्णूकाकांना ठसका लागला होता, तर त्यांचा ठसका जाईपर्यंत सगळी वाडी बसून होती. त्यात तुकाराम पवारांची म्हैस व्यायला आली होती आणि ते बिचारे मांडी बदलत देवीकडं बघत होते.

सांगणारे आमचे आबा, म्हणजे माझे आजोबा, आत्याचे वडील. आबांसारखं सांगणारा आसपासच्या गावांत नाही. पोथीत राजा जेवला एवढंच असतं. आबा ताटात काय काय होतं ते सांगतात, कढीला फोडणी कशाची होती ते सांगतात, आणि राजानं दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा राणी कशी हसली तेही सांगतात. लोक त्यासाठीच येतात. मला घरातून पदरचं घालायची सवय कुठून लागली, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

त्या वर्षी विष्णूकाकांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. वाचायला कोण, असा प्रश्न आला तेव्हा आबा देवळातच सगळ्यांदेखत म्हणाले, "आमची प्रांजल वाचंल. तिची जीभ अडकत न्हाई."

"पोरगी वाचणार?" हौसाकाकूंनी विचारलं. त्या आमच्या शेजारच्या. वाडीत कुठंही काही नवीन होणार असलं की पहिला प्रश्न त्यांचा.

"का? देवी काय बाप्या हाय का?" आबा म्हणाले, आणि विषय मिटला.

मला तर आकाश ठेंगणं झालं. पहिल्या संध्याकाळी मी अशी काही वाचली पोथी की घरी येताना आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "पाण्यागत वाचतीस." मी आठवडाभर जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

त्याच आठवड्यात आत्याच्या सासरहून फोन आला. तिचे सासरे बोलत होते. पोथीच्या समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी सुनेला न्यायला येतो म्हणाले. आबा "बरं, या" म्हणाले आणि फोन ठेवला.

आई पाणी भरत होती. ती हळूच म्हणाली, "वन्संना विचारलंत का?"

"विचारायचं काय? घर हाय तिचं."

"पण त्या काही बोलल्या का?"

"गप हाय न्हवं? म्हंजे तयार हाय," आबा म्हणाले. पण मला वाटलं, त्यांना स्वतःलाही ते पुरेसं वाटलं नसावं, कारण थोड्या वेळानं ते परत म्हणाले, "येत्या सोमवारी लेकीचा अध्याय हाय. मी नीट सांगतो. माझ्या तोंडनं ऐकण्यापरीस देवीच्या पोथीतनं ऐकलेलं बरं."

मी तडक स्वयंपाकघरात गेले. आत्या कणगीतून ज्वारी काढत होती.

"आत्या, तू जाणार?"

"आजचा उतारा कुठला आहे?"

"मी काय विचारतेय?"

"विज्ञानाचा असला तर वाच," ती म्हणाली. "गोष्टीचा नको."

सोमवारी देऊळ भरलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला, मधे मी चौरंगावर पोथी घेऊन आणि शेजारी आबा. वाचणाऱ्याचं तोंड बायकांकडं असतं. आत्या खांबाला टेकून बसली होती. मी सुरुवात केली.

*दुष्काळ पडिला दारुण । लेक आली माहेरालागून ।*
*बैसली मौन धरून । तुळशीपाशी ॥*
*बंधूने काढिली गाडी । बैलांची जुंपिली जोडी ।*
*म्हणे सासुरवाडी । गाठू अस्तमानाआधी ॥*

मी थांबले. आबांनी उपरणं सारखं केलं.

"तर मंडळी, ती लेक दुष्काळाला भिऊन माहेरी आली. आली खरी, पण तिच्या घशाखाली घास उतरंना. तुळशीपाशी बसून तिला पस्तावा झाला. म्हणली, मी हितं ताजी भाकरी खाते, आणि माझं घर तिकडं उपाशी. मग ती उठली. भावाचं पाय धरलं. म्हणली, दादा, लेकीचं घर ते लेकीचं घर. मला पोचव. गाडी जुंप."

आबांचा आवाज तिथं असा ओला झाला की पुढं बसलेल्या दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. हौसाकाकूंनी मागं वळून आत्याकडं पाहिलं. "ऐकतीस ना गं सुवर्णा? देवीच सांगतीया."



तेवढ्यात देवळाखालच्या रस्त्यावरून मोटरसायकलचा आवाज आला. कुणाची होती देव जाणे. गाडी चढावर बंद पडली. कुणीतरी किक मारली, सुरू झाली, आणि परत बंद पडली.

कुणीही तिकडं पाहिलं नाही. पण माझं तोंड बायकांकडं होतं. आत्या खांबाला टेकली होती ती सरकून खांबाच्या मागं गेली. तिला स्वतःलाही ते कळलं नसावं. तिनं तोंडावर हात दाबून धरला होता.

मी त्या उत्तराला शून्य दिलं होतं.

"हां," आबा म्हणाले. "पुढं."

मी पुढं वाचलं नाही.

"प्रांजल. पुढं वाच."

"आबा, पस्तावा झाला हे कुठं आहे?"

आबांना वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणलीस?"

"मी वाचलं त्यात पस्तावा नव्हता. भावाचे पाय पण नव्हते."

"वाचणारानं वाचावं."

"वाचते. पण मग सांगणारानं वाचलेलंच सांगावं."

"बघा," हौसाकाकू म्हणाल्या, "म्हणून मी म्हणत हुते, पोरीच्या हातात पोथी—"

"काकू, अध्याय चालू आहे. मधे बोलायचं नसतं."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्यासारखं केलं. आवाज माझा नेहमीसारखाच होता. माझ्या आवाजावर माझा तेव्हाही भरवसा होता.

मला वाटलं होतं आबा ओरडतील. ते ओरडले नाहीत. आयुष्यभर पोथी सांगितलेला माणूस तो. पोथीत काय आहे आणि काय नाही, असं कुणी विचारलं तर त्याला राग येण्याआधी शंका येते. "परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. या वेळी पाण्यासारखं नाही. एकेक शब्द वेगळा काढून, माने सर वाचायला लावतात तसं. मग पोथीचं ते सुटं पान उचललं आणि आबांपुढं धरलं.

"ती म्हणाली, मला पोचव. हे कुठं आहे? बोट ठेवून दाखवा."

आबांनी चष्मा लावला. पानावर वाकले. त्यांचं बोट पहिल्या ओवीवरून दुसरीवर गेलं आणि परत मागं आलं. "हे काय. मौन धरून."

"मौन धरलं, एवढंच आहे."

"मौन म्हंजे हो असतं."

"ते कुठं लिहिलंय?" मी म्हटलं. "गाडी भावानं काढली. बैल भावानं जुंपले. अस्तमानाआधी गाठू, हे पण भावच म्हणतो. ती सगळ्या ओव्यांत एक अक्षर बोललेली नाही."

आबा पानाकडं बघत राहिले. पप्पा मान खाली घालून फरशीवरची रांगोळी बघत होते. एरवी आमच्या घरात असलं काही निघालं की पप्पा चपला घालून बाहेर जातात. आज त्यांना जाता येत नव्हतं. कुणालाच जाता येत नव्हतं. अध्याय अर्ध्यात होता आणि वाचणारी थांबली होती.

"बरं," आबा म्हणाले. "एवढी शाणी हाईस, तर मग तिच्या मनात काय हुतं ते तू सांग."

माझ्याकडं उत्तर तयार होतं. एवढं मोठं, अख्खी गोष्ट होईल एवढं. त्यात मोटरसायकल होती, कणगी होती, सगळं होतं. मला ते सांगता आलं असतं, आणि आबांपेक्षा चांगलं सांगता आलं असतं. हौसाकाकूसुद्धा रडल्या असत्या. मी तोंड उघडलं, आणि खांबामागं आत्याचं अर्धं तोंड दिसत होतं तिकडं पाहिलं.

"ते उताऱ्यावरून सांगता येत नाही," मी म्हणाले.

"उतारा कुठला? पोथी हाय ही," मागून कुणीतरी म्हणालं.

"पोथीवरून सांगता येत नाही."

"सांगता येत न्हाई," आबा म्हणाले. "मग सांगणारानं करायचं काय?"

"विचारायचं."

हे मी म्हणाले नव्हते. आत्या म्हणाली होती. ती खांबाच्या पुढं आली होती. उभी नव्हती, बसूनच होती, पण सगळ्यांना दिसत होती.

"तिला कुणी विचारलं नाही, आबा," ती म्हणाली. "त्यात तेवढंच आहे."

आबांनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला. परत लावला नाही, हातातच धरला. मला त्यांची कीव यायला लागली होती, आणि तरी मी पान खाली ठेवलं नाही.

"सुवर्णा," ते म्हणाले, "तुला जायाचं हाय?"

"नाही."

इतकं लगेच आलं ते उत्तर, की ते किती दिवस तयार होतं हे सगळ्यांना कळलं.

"का?"

आत्यानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. पुरुष, बायका, पेंगणारी पोरं. "इथं सांगू?"

आबांनीही सगळ्यांकडं पाहिलं. आपल्या लेकीला हे इथं विचारायला आपण बसलो, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं. ते म्हणाले, "नगं. न्हाई म्हणलीस, तेवढं बास."

"अहो पण पाहुण्यांस्नी काय सांगायचं?" हौसाकाकूंना राहवलं नाही.

"हौसे," आबा म्हणाले, "अध्याय चालू हाय."

आता मात्र लोक उघड हसले. आबांनी माझ्याकडं न बघता हात केला. "वाच गं."

मी वाचलं. पुढं नदीला पूर येतो आणि गाडी अडते. त्या पुराचं पाणी कसं होतं, त्यातून काय काय वाहत आलं, एक तांब्याचा हंडा कसा गिरक्या घेत गेला, ते सगळं आबांनी आपल्या पदरचं घालून सांगितलं, आणि मी एकदाही थांबवलं नाही. हंड्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं.

समाप्तीच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. आत्याचे सासरे आणि एक चुलत दीर, इस्त्रीचे कपडे घालून. आईनं चहा दिला. आत्या आत पोळ्या लाटत होती, मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. पाऊसपाणी झालं, ऊस झाला, कारखान्याचा दर झाला. मग सासरे म्हणाले, "चला, सुनबाईंची तयारी झाली असली तर निघू. ऊन व्हायच्या आत पोचू."

"सुवर्णा येणार न्हाई," आबा म्हणाले.

"आज नाही का? काही अडचण असेल तर आठ दिवसांनी येऊ."

"न्हाई."

सासऱ्यांनी दिराकडं पाहिलं, दिरानं पप्पांकडं पाहिलं, आणि पप्पांनी, मला आजही खरं वाटत नाही, चपलांकडं न बघता सरळ त्यांच्याकडं पाहिलं.

"म्हणजे आम्ही नेमकं काय समजायचं?" सासरे म्हणाले. "काय झालं, कुणी काय बोललं, काही अर्थ तर सांगाल की नाही?"

मी चौकट घट्ट धरली. आबांना कुणी अर्थ विचारला आणि त्यांनी दोन वाक्यांत सोडला, असं मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आत लाटण्याचा आवाज थांबला होता.

आबांनी बशीतला राहिलेला चहा प्यायला. बशी खाली ठेवली.

"सांगितलं ते एवढंच हाय," ते म्हणाले, आणि त्यापुढं एक शब्द घातला नाही.